काढण्याआधी आपणच राजीनामा द्यावा का?

बत्तीस वर्षांच्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. बार्शीच्या एका पतसंस्थेत त्या सहा वर्षं हिशेबाचं काम करत होत्या, तिथे कायम होत्या. नवऱ्याच्या कामामुळे पुण्यात आल्या आणि चाकणच्या एका खासगी कारखान्याच्या अकाउंट्स विभागात लागल्या. नेमणूकपत्रात सहा महिन्यांचं प्रोबेशन आहे, त्यातले साडेचार महिने झाले. चौथ्या महिन्यात साहेब म्हणाले, 'अजून बरंच शिकायचंय तुम्हाला.' त्यानंतर त्या विषयावर चकार शब्द नाही. मध्यंतरी त्यांच्याबरोबरच रुजू झालेल्या एका मुलाला एका दिवसात घरी पाठवलं. तेव्हापासून त्यांनी एकही रजा घेतलेली नाही, रात्री साडेआठपर्यंत ऑफिसात बसतात, वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं आहे. पतसंस्थेतली जुनी मैत्रीण सांगते, 'काढून टाकण्याआधी आपणच राजीनामा दे, म्हणजे रेकॉर्ड खराब होत नाही.' निवृत्त शिक्षक असलेले मामा सांगतात, 'गप्प दिवस काढ, मुदत संपली की आपोआप कायम होशील.' त्यातच मोशीला फ्लॅट बघून ठेवलाय, महिनाअखेरीस बुकिंगची रक्कम भरायची आहे आणि कर्ज देणारी बँक कन्फर्मेशन लेटर मागते आहे. साहेब काय म्हणाले ते नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. 'राजीनामा देऊ, गप्प बसू की विचारू?' असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रिय मैत्रीण,

आधी राजीनाम्याचं बोलू, कारण तीच एक गोष्ट अशी आहे की केल्यावर मागे घेता येत नाही. राजीनामा एकदा मंजूर झाला की कंपनीची मर्जी असेल तरच परत फिरता येतं. म्हणून पुढच्या दोन आठवड्यांत तरी तो लिहू नका. टाइप करून ड्राफ्टमध्येही ठेवू नका. रात्री साडेआठला थकून भागून बसलेल्या माणसाच्या हातून तो मेल जायला वेळ लागत नाही.

तुमच्या मैत्रिणीच्या सल्ल्यामागे एक भीती आहे, आणि ती मी मनुष्यबळ विभागात काम करताना फार जणांच्या डोळ्यांत पाहिली आहे: कुठेतरी एक मोठं रजिस्टर आहे, आणि प्रोबेशनमध्ये काढलं की त्यात आपल्या नावापुढे कायमची लाल रेघ येते. असं रजिस्टर नाही. खासगी कंपनी प्रोबेशनमध्ये एखाद्याला थांबवते तेव्हा पत्रात बहुतेक वेळा दोन-तीन ओळी असतात: आपली सेवा कायम करण्यात येत नाही, अमुक तारखेपासून आपल्याला मुक्त करण्यात येत आहे. रिलिव्हिंग लेटरवर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख येते, हुद्दा येतो. पुढची कंपनी पडताळणी करते तेव्हा प्रामुख्याने तेच तपासते. मुलाखतीत विचारलं तर 'सहकारी पतसंस्थेतून उत्पादन कंपनीत गेले, प्रोबेशनमध्ये दोन्ही बाजूंचा मेळ बसला नाही' एवढं खरं उत्तर पुरतं. मागची सहा वर्षं एकाच ठिकाणी टिकून काम केलेल्या बाईला ते सहज शोभतं.

उलट घाईने राजीनामा दिलात तर नोटिशीची जबाबदारी तुमच्याकडे येते. त्यांनी थांबवलं तर नोटिशीचे दिवस किंवा त्या दिवसांचा पगार त्यांना द्यावा लागतो, नेमणूकपत्रात तसं लिहिलेलं असतं. तुम्ही सोडलीत तर तेच दिवस तुम्हाला भरावे लागतात. म्हणजे ज्या निर्णयाची अजून खात्रीही नाही, त्याची किंमत तुम्ही आधीच चुकती करून बसाल.

एक मात्र लक्षात ठेवा, विशेषतः तुमचं काम पैशाशी संबंधित आहे म्हणून. 'काम समाधानकारक नाही' असं म्हणून थांबवणं वेगळं आणि 'हिशेबात अफरातफर केली' असा ठपका ठेवून काढणं वेगळं. सरकारी नोकरीत हा फरक सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा स्पष्ट केला आहे. शमशेर सिंह विरुद्ध पंजाब राज्य या १९७४ च्या प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की आदेशाची भाषा साधी असली तरी त्याच्या मुळाशी गैरवर्तनाचा आरोप असेल, तर चौकशी न करता परिविक्षाधीन, म्हणजे प्रोबेशनवरच्या, माणसालाही काढता येत नाही. खासगी कंपनीच्या ऑफिसमधल्या नोकरीला हे नियम जसेच्या तसे लागत नाहीत, तिथे मुख्यतः तुमचं नेमणूकपत्र बोलतं. पण कधी काळी हातात येणाऱ्या पत्रात असा ठपका दिसला तर त्यावर सही करून घरी येऊ नका. 'मजकूर मान्य नाही, फक्त पोहोच दिली' असं लिहून, तारीख घालून सही करा आणि कामगार कायद्याच्या वकिलाला भेटा. तुमच्या पत्रात अशा कशाचीही चाहूल नाही, तेव्हा ही काळजी डोक्यात घेऊन झोपू नका.

आता मामांचं. मामा खोटं सांगत नाहीत, ते त्यांच्या जगातलं खरं सांगताहेत. महाराष्ट्रात खासगी शाळांतल्या शिक्षकांसाठी १९७७ चा सेवाशर्ती कायदा आहे. त्यात कायम जागेवर नेमलेल्या माणसाचं प्रोबेशन दोन वर्षांचं, आणि ती दोन वर्षं सुरळीत संपली की तो कायम झाला असं कायदाच मानतो. शिक्षणसेवकांना तीन वर्षं. मामा त्यातून गेले, म्हणून 'मुदत संपली की आपोआप' हे त्यांच्या मनात पक्कं बसलंय. पंजाबातल्या शिक्षकांच्या धरम सिंह प्रकरणात १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयही हेच म्हणालं: नियमाने प्रोबेशनची कमाल मर्यादा ठरवून दिली असेल आणि त्यानंतरही माणसाला कामावर ठेवलं असेल, तर तो कायम झाला असंच समजायचं.

तुमच्या कारखान्यात मशीनवर काम करणारी मंडळी 'तीन महिने' म्हणताना तुम्ही ऐकलं असेल. तेही त्यांच्यापुरतं बरोबर आहे. कारखान्यांतल्या नोकरीच्या अटी ठरवणाऱ्या १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखालच्या नमुना आदेशांत कामगाराचं प्रोबेशन तीन महिन्यांचं धरलेलं होतं, आणि कारखान्यांत तीच पद्धत रुळली. ऑफिसच्या जागांसाठी कंपन्या सहा महिने लिहितात, काही ठिकाणी वर्षही लिहितात.

म्हणून नेमणूकपत्र काढा आणि कायम होण्याबद्दलचं वाक्य शोधा. खासगी कंपन्यांच्या पत्रांत बहुधा असं असतं: 'लेखी कळवेपर्यंत आपण प्रोबेशनवरच राहाल.' तुमच्या पत्रात हे असेल, तर सहा महिने उलटले तरी गप्प बसून काहीही होणार नाही. सातवा, आठवा, नववा महिना जाईल आणि तुम्ही आहात तिथेच असाल. 'सहा महिने पूर्ण झाल्यावर सेवा कायम समजण्यात येईल' असं असेल तर मामांचं म्हणणं तुमच्या बाबतीतही बऱ्याच अंशी खरं. ते वाक्य वाचताना आणखी दोन गोष्टी पेन्सिलने अधोरेखित करा: मुदत किती वेळा आणि किती महिन्यांनी वाढवता येते, आणि प्रोबेशनमधली नोटीस किती दिवसांची आहे. नेमणूकपत्र हाताशी नसेल तर एचआरकडून प्रत मागून घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत आणि त्यांत प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे. ही ओळ मी इतर वाचकांसाठीही लिहिते आहे, कारण 'आधी रुजू व्हा, पत्र प्रोबेशननंतर देऊ' असं सांगणाऱ्या मालकांबद्दल दर महिन्याला कोणी ना कोणी लिहितंच.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त बोचलेली गोष्ट म्हणजे तुम्ही निकाल लागून गेला असं धरूनच वागताय. तो कोणी लावला? साहेबांनी एक वाक्य उच्चारलं: 'अजून बरंच शिकायचंय.' तुम्ही ते दीड-दोन आठवडे मनात घोळवलंत आणि त्याचं 'तुम्ही नालायक आहात' झालं. मी तेच वाक्य तुमच्या पत्रातल्या इतर तपशिलांशेजारी ठेवून पाहिलं. पतसंस्थेत तुम्ही ठेवी, कर्जं, व्याज, तारण सांभाळत होतात. इथे कच्चा माल आहे, साठा आहे, कॉस्टिंग आहे, दर महिन्याला पुरवठादारांच्या बिलांची जीएसटीआर-२बीशी, म्हणजे जीएसटी पोर्टलवर येणाऱ्या खरेदीच्या तक्त्याशी, जुळवणी आहे. ती जुळवणी दोनदा उशिरा झाली असं तुम्हीच लिहिलंय. सॅप या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये पूर्वी कधी काम केलं नव्हतं हेही लिहिलंय. मग साहेबांचं वाक्य शब्दशः खरंच नाही का? बरंच शिकायचं आहे. चौथ्या महिन्यात ते असणारच. प्रश्न एवढाच की त्यांना नेमकं काय, किती आणि कधीपर्यंत शिकून हवं आहे. ते तुम्हाला ठाऊक नाही, कारण त्यांनी सांगितलं नाही आणि तुम्ही विचारलं नाही.

त्यांची शांतताही तुम्ही विरोधी समजताय. ऑफिसात वरची माणसं अवघड बोलणं टाळतात, आणि कौतुकाचं बोलणं तर विसरूनच जातात. मुदत संपायला दोन-तीन आठवडे उरले की एचआर त्यांना एक फॉर्म पाठवतं आणि तेव्हा ते पहिल्यांदा नीट विचार करतात. म्हणून बोलायची तुमची वेळ त्याच्या आधीची आहे, म्हणजे आत्ताची. त्या मुलाला का काढलं हेही तुम्हाला माहीत नाही. कागदपत्रांतली खोट निघाली असेल, आधीच्या कंपनीने काही वेगळं कळवलं असेल, तो स्वतःच गेला असेल. त्याच्या जाण्यावरून तुमचं भविष्य काढू नका.

साहेबांना भेटायची वेळ लेखी मागा. मेल छोटा ठेवा. तुम्हाला शब्द सुचत नाहीत म्हणालात, म्हणून देते: 'सर, माझ्या प्रोबेशनचा दीड महिना शिल्लक आहे. आतापर्यंतच्या कामाबद्दल तुमचं मत समजून घ्यायचं आहे, म्हणजे राहिलेल्या वेळात मला नेमकी सुधारणा करता येईल. या आठवड्यात वीस मिनिटं मिळाली तर बरं होईल.' यात माफी नाही, रडगाणं नाही, 'मला कायम करणार का' हा प्रश्नही नाही. असा मेल मिळाल्यावर चिडणारा साहेब मी फार क्वचित पाहिला आहे. त्यांच्यावरचं एक ओझं तुम्ही कमी करत असता.

भेटीला जाताना एक पान घेऊन जा. त्यावर साडेचार महिन्यांत तुम्ही काय काय हातात घेतलं आणि पूर्ण केलं ते लिहा, उशीर झालेल्या दोन जुळवण्याही लिहा आणि त्या पुन्हा होऊ नयेत म्हणून काय बदललं तेही. मग विचारा: कायम करण्यासाठी तुम्ही कोणत्या दोन-तीन गोष्टी पाहणार आहात? कोणत्या तारखेपर्यंत? सॅपसाठी मला कोणाकडे बसता येईल? साहेब मोघम बोलले, 'हळूहळू होईल हो' म्हणाले, तर हसून मान डोलावून परत येऊ नका. 'म्हणजे येत्या महिन्याची जुळवणी मी १४ तारखेला २बी आल्यावर तीन दिवसांत पूर्ण करून दाखवली तर चालेल का?' असं स्वतःच मोजता येईल असं काही पुढे ठेवा. त्या संध्याकाळी एक मेल करा: आज आपलं असं असं बोलणं झालं, मी यावर काम करते आहे. उद्या मुदत वाढवायची वेळ आली किंवा साहेबच बदलले, तर तो मेल तुमच्या बाजूने उभा राहील.

साडेआठपर्यंत बसण्याबद्दल एवढंच सांगते की त्याने तुमची जुळवणी वेळेत झाली नाही. सात वाजता निघा आणि सकाळचा एक तास सॅपसाठी ठेवा.

आणि वडिलांचं ऑपरेशन. मैत्रीण, हे कृपया आणखी पुढे ढकलू नका. प्रोबेशनमध्ये रजाच घेता येत नाही, हा समज इतका पसरला आहे की माणसं ताप अंगावर काढतात, घरची कार्यं चुकवतात. कायद्याने भरपगारी अर्जित रजा साधारण १८० दिवस काम झाल्यावर मिळू लागते, हे खरं. पण किरकोळ आणि आजारपणाच्या रजेचा नियम तुमच्या नेमणूकपत्रात किंवा कंपनीच्या धोरणात असतो, आणि काहीच नसेल तरी दोन दिवसांची बिनपगारी रजा मागायला कोणाची बंदी नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरवून करायचं असतं, आणि सगळं ठीक असेल तर पेशंट त्याच दिवशी घरी येतो. दुसऱ्या दिवशी डोळा दाखवायला जावं लागतं, पुढे काही आठवडे थेंब घालायचे असतात. म्हणजे तुमची खरी गरज दोन-तीन दिवसांची आहे. अकाउंट्सच्या माणसाला महिन्याचे नाजूक दिवस पाठ असतात: ७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं. त्यानंतर महिनाअखेरच्या क्लोजिंगआधी चार-पाच दिवस जरा मोकळे मिळतात. त्यातली तारीख डॉक्टरांकडून घ्या, दहा दिवस आधी अर्ज द्या, आणि तुमचं कोणतं काम कोण बघेल ते त्याच अर्जात लिहा. असा अर्ज तुमच्या विरोधात जात नाही. जबाबदार माणूस रजा कशी घेतो हेच त्यातून साहेबांना दिसतं.

प्रोबेशनवरचा माणूस अर्धवट कर्मचारी असतो, हाही असाच एक समज. पीएफ पहिल्या दिवसापासून कापला जायला हवा. तुम्ही पतसंस्थेत असताना पीएफच्या सभासद होतात, तेव्हा मूळ पगार १५,००० च्या वर असला तरी तुम्हाला वगळता येत नाही. उमंग ॲपवर पासबुक उघडून साडेचार महिन्यांची रक्कम जमा झाली आहे का ते बघा, आणि जुनाच यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा खाते क्रमांक, चालू ठेवला आहे ना तेही. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कर्मचाऱ्याच्या व्याख्येत प्रोबेशनवरच्या व्यक्तीचं नाव घेऊन उल्लेख आहे. बाळंतपणाच्या भरपगारी रजेसाठी अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असावं लागतं, कायम असण्याची अट नाही. आणि ग्रॅच्युइटीची वर्षं मोजताना प्रोबेशनचे महिनेही धरले जातात.

समजा मुदत वाढवली. बरेच जण हे नापास झाल्यासारखं मनाला लावून घेतात. तुमच्या बाबतीत मला ते तसं वाटत नाही, क्षेत्र बदललेल्या माणसाला आणखी दोन-तीन महिने मिळणं वाईट नाही. फक्त ती वाढ लेखी घ्या, त्यात शेवटची तारीख असू द्या आणि कारणही असू द्या. दुसऱ्यांदा वाढवली आणि कारण मोघमच राहिलं, तर मात्र दुसरीकडे अर्ज करायला लागा. कायमचा खर्च टाळण्यासाठी माणसाला लोंबकळत ठेवणाऱ्या कंपन्या आहेत, आणि त्यांच्याशी निष्ठेने वागून तुमचंच वय जातं.

समजा थांबवलंच. मग त्या खोलीतून बाहेर पडण्याआधी शांतपणे विचारा: शेवटचा दिवस कोणता, नोटिशीचा पगार किती, रिलिव्हिंग आणि अनुभवाचं पत्र कधी मिळेल. नव्या वेतन संहितेप्रमाणे नोकरी संपल्यावर देय वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं असतं, जुन्या सवयीने 'पंचेचाळीस दिवसांनी फुल अँड फायनल' सांगितलं तर हे लेखी कळवा. 'आम्ही सांगतो तसा राजीनामा लिहून द्या' असं म्हणाले तर लगेच देऊ नका, एक रात्र मागून घ्या. तेव्हा राजीनाम्याचा विचार करायला हरकत नाही, पण नोटिशीचा पगार आणि अनुभवपत्र मिळेल हे त्यांच्याकडून मेलवर आल्यावरच.

एक प्रश्न तुम्ही पत्रात कुठेच विचारला नाही: तुम्हाला ही नोकरी आवडते का? कंपनी तुम्हाला पारखते आहे तशी तुम्हीही कंपनीला पारखू शकता, आणि त्यासाठी आत्ताची वेळ चांगली आहे. आत्ता तुमची नोटीस बहुधा पंधरा दिवस किंवा महिन्याची असेल. कायम झाल्यावर ती दोन-तीन महिन्यांची होते आणि मग बाहेर पडणं खरोखर अवघड जातं. चाकणचा रोजचा प्रवास, साहेबांची पद्धत, कॉस्टिंगचं काम, हे सगळं पाच वर्षं करावंसं वाटतं का, याचं उत्तर भेटीआधी स्वतःला द्या. 'हो' आलं तर तुम्ही वेगळ्या आवाजात बोलाल. 'नाही' आलं तर काम नीट करत, पगार घेत दुसरी जागा शोधा, हातातली सोडून नको.

राहिला फ्लॅट. साहेबांशी बोलणं होईपर्यंत बुकिंगची रक्कम भरू नका. बँक कन्फर्मेशन लेटर मागते ते कर्जाचे हप्ते पुढची वीस वर्षं कुठून येणार हे पाहण्यासाठी, आणि हाच प्रश्न तुमच्या घरालाही आहे. काही बँका मागच्या नोकरीची सलग वर्षं आणि जोडीदाराचं उत्पन्न धरून विचार करतात, तेव्हा दोघांनी मिळून शाखेत जाऊन विचारा. बिल्डरला पंधरा दिवसांची मुदत मागा. नाही म्हणाला तर तो फ्लॅट गेला तरी चालेल, मोशीत बांधकामं थांबलेली नाहीत. पण हे नवऱ्याला सांगायला कारण लागेल आणि ते कारण तुम्ही दडवून ठेवलंय. तेव्हा त्यांना आज जेवणं झाल्यावर सांगा: साहेब काय म्हणाले, मेल कधी पाठवणार, बाबांच्या ऑपरेशनला कोणती तारीख घेणार. तीन-चार महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे का तेही दोघं मिळून बघा, आणि सोमवारी सकाळी तो मेल पाठवा.